बोबड्या बोलांचे दप्तर

अकबर बादशहाच्या कारकिर्दीत, इसवी सन 1580च्या सुमारास, एक स्वतंत्र इमारत उभारण्यात आली आणि आयांना द्रव्य देऊन मिळवलेली काही तान्ही मुले तिच्यात आणून ठेवण्यात आली. मुलांच्या संगोपनासाठी दाया नेमल्या होत्या, दाराशी पहारा होता, अन्नवस्त्राची ददात नव्हती. निर्बंध एवढाच होता की, मुलांच्या कानांवर मनुष्याचा शब्द पडू द्यायचा नाही. ज्याला कोणी काही शिकवलेले नाही असे मूल आपण होऊन कोणती भाषा बोलू लागते, हे बादशहाला पाहायचे होते. अबुल फजलने अकबरनाम्यात आणि बदायुनीने आपल्या इतिहासग्रंथात या प्रयोगाचा वृत्तान्त दिला आहे. या दोघा लेखकांचे एकमेकांशी फारसे जमत नसे. परंतु फलिताविषयी त्यांच्यात मतभेद नाही. काही वर्षे लोटली तरी त्या घरातून कोणत्याही भाषेतला शब्द बाहेर आला नाही, आणि लोक त्या वास्तूला गुंगमहाल म्हणू लागले. याच जातीची एक फार जुनी कथा हेरोडोटसने इजिप्तच्या सामेटिकस राजाविषयी सांगितली आहे. तीत दोन मुले एका मेंढपाळाच्या स्वाधीन केली गेली आणि शेळ्यांच्या सहवासात वाढलेल्या त्या मुलांनी भाकरीसाठी एक फ्रिजियन शब्द उच्चारला, असे त्याने नमूद केले आहे. राजाच्या कथेपेक्षा बादशहाचा वृत्तान्त मला अधिक विश्वसनीय वाटतो. आणि अधिक दुःखदही.

गुंगमहालातल्या मुलांना जे मिळाले नाही ते केवळ शब्द नव्हेत. त्यांच्यापुढे पदर ओढून पुन्हा दूर करणारे, त्यांच्या हुंकाराला हुंकार देणारे, चिमणीकडे बोट दाखवून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहणारे माणूस नव्हते. भाषेचा उगम शोधण्यासाठी भाषेची जन्मभूमीच त्या प्रयोगात आधी नष्ट करण्यात आली होती. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपात, आणि विसाव्या शतकात अमेरिकेत, मुलाच्या भाषेचा जो पद्धतशीर अभ्यास वाढीस लागला, त्याचा इतिहास वाचताना माझ्या मनाशी जे पक्के झाले ते हे की, मुलाचा बोल खेळाच्या पोटी जन्मतो, आणि जो अभ्यासक त्या खेळाजवळ बसून ऐकत राहिला त्यालाच तो पुरतेपणी ऐकू आला.

या अभ्यासाचे पहिले दप्तर घराघरांत आईबापांनीच ठेवले. डीट्रिख टीडेमान या जर्मन तत्त्वज्ञाने 1781 साली जन्मलेल्या आपल्या मुलाच्या पहिल्या अडीच वर्षांची टिपणे 1787 साली प्रसिद्ध केली; तो मुलगा फ्रीडरिक पुढे शरीरशास्त्राचा नामांकित पंडित झाला, परंतु बापाच्या टिपणांकडे कित्येक वर्षे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. 1877 साली 'माइंड' या इंग्रजी नियतकालिकात फ्रेंच विचारवंत तेन याचा आपल्या मुलीच्या भाषेवरील लेख भाषांतरित होऊन आला आणि तो वाचून चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाची, विल्यमची, तब्बल सदतीस वर्षांपूर्वीची टिपणे बाहेर काढून त्याच नियतकालिकाकडे धाडली. बरोबर एक वर्षाचा असताना त्या मुलाने खाण्यासाठी 'मम' हा शब्द आपला आपण घडवला, हा त्या टिपणांतला तपशील मराठी घरात वाढलेल्या वाचकाला ओळखीचा वाटेल; परंतु त्याहून मौजेचा पुढचा भाग आहे. या मुलाने साखरेला 'शू-मम' म्हटले आणि काळ्या ज्येष्ठमधाच्या वड्या हाती पडताच त्यांना 'ब्लॅक-शू-मम' असे नाव दिले. जे शब्द कोणी शिकवले नव्हते त्यांचे समास करून ते मूल आपल्या खाऊची वर्गवारी लावत होते, आणि उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा बाप ते कागदावर उतरवून घेत होता.

येनाचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम प्रायर याने या हौशी नोंदींना शास्त्राची शिस्त लावली. 1877 साली जन्मलेल्या आपल्या अॅक्सेल या मुलाचे त्याने जन्मापासून तीन वर्षे दररोज किमान तीन वेळा निरीक्षण केले आणि 1882 साली 'बालकाचे मन' हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाला लाडाने युक्त्या शिकवण्याची जी घरोघरची रीत असते, ती शक्य तितकी टाळावी, म्हणजे निरीक्षण निर्भेळ राहील, असा त्याचा आग्रह होता. या आग्रहामागची शास्त्रीय निष्ठा मला मान्य आहे; तरीही मुलाला 'टाटा' करायला लावणे, 'नाक कुठे' म्हणून विचारणे, हे सारे निरीक्षणातली भेसळ म्हणून बाजूस सारले, तर भाषेच्या पाळण्याची दोरीच आपण सोडून देतो, असे मला वाटते.

या साऱ्या पित्यांच्या मांदियाळीत एका मातेची वही मला सर्वांत मोलाची वाटते. क्लारा स्टर्न या मूळच्या बर्लिनच्या. त्यांचे पती विल्यम स्टर्न हे ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापन करीत. बुद्ध्यंकाची कल्पना पुढे याच गृहस्थांनी मांडली. क्लाराबाईंजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. 1900 सालच्या एप्रिल महिन्यात त्यांची थोरली मुलगी हिल्डे जन्मली आणि त्यांची वही सुरू झाली. 1902 साली ग्युंटर आला, 1904 साली एव्हा आली, आणि प्रत्येकाच्या नावे नोंदी होत होत 1918 सालापर्यंत हस्तलिखिताची सुमारे पाच हजार पृष्ठे साठली. बहुतांश मजकूर क्लाराबाईंच्या हातचा आहे. तीन लेकरांचे खाणेपिणे, आजारपणे, घरातला राबता, आणि या सर्वांतून मुलाला सुगावा लागू न देता त्याचा उच्चार जसाच्या तसा, म्हणजे चुकांसह, कागदावर उतरवणे, हे काम ज्या चिकाटीने त्यांनी अठरा वर्षे केले, त्या चिकाटीला तोड सापडणे कठीण आहे. मुलाचा चुकलेला शब्द दुरुस्त करून लिहिण्याचा मोह आईला किती अनावर असतो, हे ज्यांनी घरात लहान मूल वाढवले आहे त्यांना सांगायला नको.

या वह्यांच्या आधारे पतिपत्नींनी 1907 साली 'बालभाषा' हा ग्रंथ सिद्ध केला आणि मुखपृष्ठावर क्लाराबाईंचे नाव आधी घातले गेले. त्यातील एक निरीक्षण पुढे जगभर चर्चिले गेले: सुमारे दीड वर्षाच्या वयात मुलाला असा साक्षात्कार होतो की, प्रत्येक वस्तूला नाव असते, आणि मग ते दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून तिचे नाव विचारत सुटते. पुढच्या पंडितांनी या कल्पनेला हरकती घेतल्या, साक्षात्कार असा एकाएकी होत नसून ती दीर्घ प्रक्रिया असते, असे दाखवून दिले. परंतु बोट दाखवून नाव विचारण्याचा तो खेळ ज्या बारकाईने वहीत टिपला गेला होता, तिच्यामुळेच या हरकतींनाही काही आधार मिळाला. 1933 साली ज्यू म्हणून विल्यम स्टर्न यांना हांबुर्ग विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. ज्या विद्यापीठाच्या स्थापनेत त्यांनी हातभार लावला होता त्याचेच दरवाजे त्यांना बंद झाले. हॉलंडमार्गे हे पतिपत्नी अमेरिकेत गेले. विल्यम 1938 साली तेथेच वारले आणि क्लाराबाई 1945 साली. ग्युंटर पुढे ग्युंटर आंडर्स या नावाने तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्धीस आला, तर एव्हाने नाझी अमलाखालून ज्यू मुलांची सुटका करण्याच्या कार्याला वाहून घेतले. वह्या अखेरीस जेरुसलेमच्या ग्रंथालयात सुरक्षित पोहोचल्या. जर्मन राज्याने ज्या घराला देशोधडीला लावले त्या घरातल्या तीन मुलांचे बोबडे जर्मन बोल आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत, याचे सारे श्रेय एका आईच्या लेखणीला आहे.

मुलाच्या खेळाचा विचार याच जर्मन भूमीत वेगळ्या वाटेने चालू होता. फ्रीडरिक फ्रोबेलने 1837 साली थुरिंजियातल्या ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 साली तिला बालोद्यानाचे, म्हणजे किंडरगार्टनचे, नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती ही त्याने मुलांच्या हाती दिलेली 'उपहार'-साधने सर्वश्रुत आहेत. परंतु 1844 साली त्याने आयांसाठी जे गीतांचे पुस्तक काढले, ज्यात प्रत्येक गाण्याबरोबर बोटांचा एकेक खेळ चित्रासह दिला होता, त्याचे महत्त्व भाषेच्या दृष्टीने अधिक आहे. शब्द, चाल, हाताची हालचाल आणि आईचा चेहरा ही चारही एकाच क्षणी मुलाजवळ यावीत, अशी त्याची योजना होती. प्रशियाच्या सरकारने 1851 साली किंडरगार्टनांवर बंदीचा हुकूम काढला. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या मतांशी त्याच्या मतांची गल्लत झाली, असे त्या हुकमाचे कारण सांगतात. बंदी उठली 1860 साली. फ्रोबेल त्याआधी आठ वर्षे निवर्तला होता.

खेळ आणि बोल यांची ही दोन दप्तरे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थोडीशी जवळ आली. झां पियाजेने 1923 साली जिनिव्हाच्या एका बालशाळेतल्या दोन मुलांचे बोलणे शब्दशः टिपून, खेळताना मुले किती वेळा दुसऱ्यासाठी न बोलता स्वतःशीच बोलतात, हे दाखवले. पियाजेला त्यात बुद्धीची अपक्वता दिसली; रशियाच्या लेव्ह व्हिगॉट्स्कीला त्याच स्वगतात विचाराचा अंकुर दिसला. 1933 साली लेनिनग्राडमध्ये दिलेल्या व्याख्यानात व्हिगॉट्स्कीने काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचा दाखला दिला: काठी हातात असते, मनात घोडा असतो, आणि वस्तूपासून अर्थ सुटा करण्याची ती पहिली कसरत असते. भाषेत शब्दही हेच करतो. अवघ्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेलेल्या या माणसाने सांगितलेली गोष्ट पाश्चात्त्य जगापर्यंत पोहोचायला पुढे तीन दशके जावी लागली, ही या शास्त्राची मोठी हानी होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिफितीचे यंत्र आले आणि वहीची जागा त्याने घेतली. रूथ वीर या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या अडीच वर्षांच्या अँथनीच्या खोलीत, झोपेच्या वेळी, असे यंत्र ठेवले, आणि दिवा मालवल्यावर एकट्याने पडून तो काय बोलतो ते ध्वनिमुद्रित करून 1962 साली त्यावर पुस्तक लिहिले. त्या अंधारात अँथनी कोणाशीही बोलत नव्हता. एक वाक्य घ्यावे, त्यातला एक शब्द बदलून ते पुन्हा म्हणावे, मग दुसरा बदलावा; रंगाचे नाव पालटावे, मग वस्तूचे; सारखे ध्वनी एकापुढे एक रचून त्यांची माळ करावी: शाळेत व्याकरणाच्या तासाला जी घोकंपट्टी सक्तीने करवून घेतली जाते, ती हे मूल आपखुशीने, आनंदाने, कोणी ऐकत नाही अशा समजुतीने करीत होते. मुलाचे भाषेशी खेळणे आणि मुलाचे भाषा शिकणे या दोहोंत रेघ कोठे ओढावी, हे त्या पुस्तकानंतर सांगता येईनासे झाले.

त्याच वर्षी हार्वर्डमध्ये रॉजर ब्राउन यांनी अॅडम, ईव्ह आणि सारा या तीन टोपणनावांनी प्रसिद्ध झालेल्या मुलांच्या घरी माणसे धाडण्यास प्रारंभ केला. आई आणि मूल खेळत, जेवत, भांडत, आणि यंत्र चालू असे. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ब्राउन यांनी दाखवले की, इंग्रजीतले प्रत्यय व साहाय्यक शब्द तिन्ही मुलांनी जवळजवळ एकाच क्रमाने आत्मसात केले, जरी गती प्रत्येकाची निराळी होती. त्यांच्या नोंदींतून निघालेला आणखी एक निष्कर्ष मला विशेष बोलका वाटतो: मुलाचे वाक्य व्याकरणदृष्ट्या अशुद्ध असूनही खरे असेल तर आई 'हो' म्हणते, आणि शुद्ध असूनही खोटे असेल तर ते दुरुस्त करते. आईचे लक्ष वाक्याच्या घडणीपेक्षा वाक्याने चाललेल्या व्यवहाराकडे असते. याच्या आधी, 1958 साली, जीन बर्को या तरुण अभ्यासिकेने 'वर्ड' या भाषाशास्त्राच्या नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. तिने एका काल्पनिक पक्ष्याचे चित्र स्वतः काढले, त्याला 'वग' असे अस्तित्वात नसलेले नाव दिले, आणि मग तसेच दोन पक्षी दाखवून मुलांना वाक्य पुरे करण्यास सांगितले. चार ते सात वर्षांच्या मुलांनी, जो शब्द जन्मात ऐकला नव्हता, त्याचे अनेकवचन बिनदिक्कत करून दाखवले. मुलांना तो खेळ वाटला. आणि मूल केवळ ऐकलेले शब्द उचलत नसून नियम हस्तगत करते, याचा निर्विवाद पुरावा त्याच खेळाने दिला.

त्याच 'वर्ड' नियतकालिकात 1964 साली अशोक केळकर यांचा मराठी बाळबोलीवरील निबंध प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी दीर्घकाळ निगडित राहिलेले हे भाषाशास्त्रज्ञ मराठी समीक्षेच्या वाचकांना परिचित आहेत. परंतु तान्ह्या मुलाशी मोठी माणसे ज्या खास बोलीत बोलतात, तिचा जागतिक अभ्यास उभा राहत असताना मराठीचे दप्तर त्यांनी तयार करून दिले होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली. अरबी, स्पॅनिश, इंग्रजी, सैबेरियाकडची गिल्याक आणि अमेरिकेतली कोमांची यांच्या पंक्तीत तेथे मराठीही आहे. चिऊ, काऊ, भूभू, जोजो हे शब्द शिकल्या-सवरलेल्या घरांत पुष्कळदा अडाणीपणाचे लक्षण मानले जात, आणि मुलाशी पहिल्यापासून शुद्ध बोलावे असा उपदेश आजही ऐकू येतो. आजीच्या तोंडच्या त्या शब्दांची घडण किती नियमबद्ध आहे, त्यात ध्वनींची पुनरावृत्ती कशी होते, जोडाक्षरे कशी गळतात, हे या अभ्यासांनी मांडल्यावर त्या उपदेशाला फारसा आधार उरत नाही.

जेरोम ब्रूनर 1972 साली हार्वर्ड सोडून ऑक्सफर्डला आले आणि त्यांनी प्रयोगशाळा बाजूला ठेवून दोन मुलांच्या घरांची वाट धरली. रिचर्ड आणि जोनाथन या मुलांचे आपल्या आयांबरोबर चाललेले खेळ त्यांनी महिनोन्‌महिने चित्रित केले. त्यांतला मुख्य खेळ म्हणजे आपला बुवाकुक. जोनाथनच्या घरी एक विदूषकाची बाहुली होती. शंकूच्या आकाराच्या नळीत ती खाली ओढली की अदृश्य होई, वर ढकलली की पुन्हा डोके काढी. आरंभी सारे काही आई करते: ती लक्ष वेधते, बाहुली लपवते, 'कुठे गेला' म्हणून विचारते, ठरावीक वेळ थांबते, आणि बाहुली वर येताच ठरावीक उद्गार काढते. मूल फक्त पाहते आणि हसते. मग काही आठवड्यांनी मूल आईच्या विरामाच्या जागी स्वतः आवाज करू लागते. पुढे बाहुलीला हात घालते. आणि एके दिवशी नळी आपल्या हाती घेऊन बाहुली आपण लपवते आणि आईकडे पाहते. आता लपवणारे ते आहे आणि शोधणारी आई. बोलणारा आणि ऐकणारा यांनी आळीपाळीने जागा बदलणे, आपली पाळी येईतो थांबणे, एका गोष्टीकडे दोघांनी मिळून पाहणे, हा संभाषणाचा सारा जाबता पहिला शब्द फुटण्याआधीच या खेळात मुलाच्या अंगवळणी पडतो. ब्रूनर यांची ही निरीक्षणे वाचल्यावर गुंगमहालातल्या मौनाचे कारण पुरते उमगते.

यानंतर ज्या दोन अभ्यासिकांनी हे शास्त्र पुन्हा प्रयोगशाळेत नेले आणि तेथून पुन्हा रस्त्यावर आणले, त्यांची नावे रॉबर्टा गॉलिन्कॉफ आणि कॅथी हर्श-पॅसेक. पहिल्या डेलावेअर विद्यापीठाच्या, दुसऱ्या फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाच्या. त्यांच्यापुढला प्रश्न असा होता की, जे मूल अजून एकदोन शब्दांपलीकडे बोलत नाही, त्याला वाक्य समजते की नाही हे ओळखायचे कसे. कारण दीड वर्षाच्या मुलाला आज्ञा केली तर ते ती पाळीलच असे नाही, आणि न पाळल्यास ते समजले नाही म्हणून की मन झाले नाही म्हणून, हे कळायला मार्ग नाही. 1987 साली त्यांनी आपली युक्ती प्रसिद्ध केली. मूल आईच्या मांडीवर बसे. आईने डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे तिच्या नजरेतून मुलाला उत्तर मिळू नये. समोर शेजारी शेजारी दोन दूरचित्रवाणीचे पडदे, आणि मधोमध लपवलेला ध्वनिक्षेपक. अमेरिकेतल्या मुलांच्या लाडक्या 'सेसमी स्ट्रीट' कार्यक्रमातला कुकी मॉन्स्टर एका पडद्यावर बिग बर्डला गुदगुल्या करीत असे, तर दुसऱ्या पडद्यावर बिग बर्ड कुकी मॉन्स्टरला. कोण कोणाला गुदगुल्या करतो हे सांगणारे वाक्य ध्वनिक्षेपकातून उमटे, आणि मूल कोणत्या पडद्याकडे अधिक वेळ पाहते हे मोजले जाई. सतरा महिन्यांच्या आसपासची मुले वाक्याशी जुळणाऱ्या पडद्याकडे अधिक काळ पाहत राहिली. जी मुले स्वतः दोन शब्द जोडू शकत नव्हती, त्यांना शब्दांच्या क्रमावरून कर्ता आणि कर्म ओळखता येत होते.

अशा सूक्ष्म साधनांची पकड आली की संशोधक सहसा त्यांतच रमतो. या दोघी रमल्या नाहीत, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. अमेरिकेतील मध्यमवर्गीय आईबाप तान्ह्या मुलांपुढे अक्षरांच्या चिठ्ठ्या फडकवू लागले होते, बालशाळांतून खेळाचा वेळ कापला जात होता. तेव्हा 2003 साली डायान आयर यांच्यासह त्यांनी सामान्य पालकांसाठी एक पुस्तक लिहिले आणि आइन्स्टाइन अशा चिठ्ठ्यांवर वाढला नव्हता, असे त्याच्या नावातच बजावले. मागाहून त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी या म्हणण्याला पुरावा दिला. चार-पाच वर्षांच्या मुलांना त्रिकोण-चौकोनांची लक्षणे शिकवताना, नुसते सांगितलेल्या किंवा नुसते मोकळे सोडलेल्या मुलांपेक्षा, मोठ्या माणसाने खेळात सामील होऊन प्रश्नांनी वाट दाखवलेली मुले अधिक शिकली, हे 2013 साली दिसून आले. दोन वर्षांच्या मुलांच्या आयांना नवे शब्द शिकवायला सांगून शिकवणीच्या मध्येच त्यांचा मोबाइल वाजवला, तर तो शब्द मुलाला येत नाही. फोन मध्ये आला नाही, तर येतो, हे 2017 साली. आईने शब्द उच्चारण्याच्या संख्येत फरक नव्हता. तुटला होता तो दोघांमधला धागा.

त्याआधी 1995 साली कॅन्ससच्या बेट्टी हार्ट आणि टॉड रिझ्ली यांनी बेचाळीस कुटुंबांच्या निरीक्षणावरून असे मांडले होते की, गरीब घरातल्या मुलांच्या कानांवर फार कमी शब्द पडतात. हा निष्कर्ष फार गाजला आणि त्याच्या पद्धतीवर तितक्याच तीव्र हरकतीही घेतल्या गेल्या. मला त्यात गरिबांच्या घरावर बसवलेला ठपका सलतो. हर्श-पॅसेक यांनी 2015 साली केवळ अल्प उत्पन्नाच्या घरांतील साठ मुलांचा अभ्यास करून दाखवले की, त्या घरांतही अंतर आहे, आणि ते शब्दांच्या राशीपेक्षा आई व मूल यांच्या संवादाच्या गुणावर, दोघांनी मिळून एखाद्या गोष्टीत गुंतण्यावर, अवलंबून आहे. म्हणून त्या आणि त्यांचे सहकारी दुकानांत आणि रस्त्यांवर गेले. गरीब वस्तीतल्या किराणा दुकानांत दुधाच्या कपाटापाशी गाईचे चित्र आणि मुलाला विचारण्याजोगा प्रश्न लावताच मोठ्या माणसांचे मुलांशी बोलणे सुमारे 33 टक्क्यांनी वाढले. सधन वस्तीत फरक पडला नाही, कारण तेथे हे बोलणे आधीच होत होते. पुढे पश्चिम फिलाडेल्फियाच्या बेलमाँट वस्तीत, जेथे 1965 साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषण केले होते त्या जागी, वस्तीतल्या रहिवाशांशी सल्लामसलत करून एक बसथांबा नव्याने घडवण्यात आला. बाकाच्या पाठीवर कोडी, फरशीवर उड्या मारण्यासाठी पावलांच्या खुणा, सावलीत लपलेल्या आकृत्या: बसची वाट पाहणारी आई आणि मूल यांना बोलण्यासाठी तेथे निमित्त ठेवलेले आहे.

मुलाला शाळेत आणण्याऐवजी शाळा मुलाच्या दारी नेण्याचा हा विचार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आधीच प्रत्यक्षात उतरला होता. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक 1923 साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1945 साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह ग्रामबालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि 1957 साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलवले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात भरवली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. महागड्या परदेशी साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती आली. ज्या वारली मुलांच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून निराळी होती, त्यांच्यापुढे त्यांच्याच परिसरातली, त्यांच्या तोंडी नाव असलेली वस्तू ठेवणे, ही भाषाशिक्षणाची फार मोठी गोष्ट होती.

केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांनी सुरू केली आणि ताराबाईंची अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नावाबरोबर ते अंगण किती गेले, याविषयी मला चिंता वाटते. अंगणवाडीच्या दप्तरात मुलाचे वजन आहे, उंची आहे, लसटोचणीच्या तारखा आहेत, पूरक आहाराचा हिशेब आहे. वहीत असो वा मोबाइलवर, या नोंदी आवश्यकच आहेत, कारण उपाशी मूल खेळत नाही. माझे मागणे एवढेच आहे की, त्याच पानावर आणखी एक रकाना आखला जावा आणि आज खेळताना मुलाने कोणते नवे वाक्य उच्चारले ते त्यात, त्याच्या घरच्या बोलीत, त्याच्याच उच्चारात, दुरुस्ती न करता लिहिले जावे. सेविका बहुधा त्याच गावची असते, मुलाची आई तिच्या ओळखीची असते, आणि बोलीही तिला कळते. ब्रेस्लाऊच्या वहीसाठी जी सामग्री लागली ती तिच्याजवळ आहे. नाही तो वेळ. आणि तो मिळावा म्हणून तिच्यावर लादलेल्या इतर सर्वेक्षणांचा आणि अहवालांचा भार सरकारने आधी उतरवला पाहिजे.